बत्तीस बिटांचा सल्ला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रांच्या पानावर जुन्या संगणकांविषयीचं पत्र वाचलं. विंडोज १० चा नेहमीचा आधार (कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता लोकांनी चांगले संगणक भंगारात घालू नयेत, त्यांत विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली टाकावी, ‘दहा मिनिटांचं काम आहे आणि मशीन नव्यासारखं पळायला लागतं’, असं त्यात म्हटलं होतं. पत्रलेखकांचा हेतू चांगलाच आहे. पण दहा मिनिटांत माझ्याच्याने सकाळच्या चहाची भांडीसुद्धा विसळून होत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

मी लिनक्सच्या विरोधातली नव्हे. गिरगावातल्या एका छापखान्यात मी सत्तावीस वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं असं सगळं. निवृत्त झाल्यावर लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावरच्या अभ्यासिकेतले संगणक आपोआप माझ्या गळ्यात पडले, कारण ‘काकूंना कॉम्प्युटर येतो’. टाइप करता येतं म्हणजे दुरुस्तीही येते, असा आपल्याकडे समज आहे. मला येत नव्हती. आता थोडीफार येते, आणि ती चुका करतच आली. त्यातली एक चूक या पत्राचं कारण आहे.

अभ्यासिकेत सहा मशीनं होती. फोर्टमधलं एक ऑफिस २०१४ मध्ये बांद्रा-कुर्ला संकुलात हललं, तेव्हा त्यांनी मंडळाला दिलेली. तीन कोअर टू ड्युओ प्रोसेसरची, प्रत्येकी २ जीबी मेमरी. दोन पेंटियम ४, ५१२ एमबीवाली, चालू केली की हिवाळ्यात हात शेकावेत अशी. आणि कोणा साहेबाचं छोटंसं नेटबुक, अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी. सगळ्यांवर जुनं विंडोज. विंडोज ७ चा आधार २०२० च्या जानेवारीतच संपला होता, पण मुलांची कामं चालत होती, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने विंडोज ७ साठी १०९ ही शेवटची आवृत्ती दिली आणि हळूहळू परीक्षांचे अर्ज भरायची पानं अर्धवट उघडायला लागली. एमपीएससीचा अर्ज भरायला बसलेल्या मुलीला शेवटच्या दिवशी ‘तुमचा ब्राउझर जुना आहे’ अशी पाटी दिसली, तेव्हा अभ्यासिकेत जो गलका झाला तो तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेला.

मंडळाच्या बैठकीत चिटणीस म्हणाले, भंगारवाला किलोने घेतोय, देऊन टाकू. मी म्हटलं, गणपतीपर्यंत थांबा.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा लॅमिंग्टन रोडला दुकानात बसतो. हुशार आहे, हात साफ आहे. त्याने मला पेनड्राइव्हवर डेबियन १२, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, करून दिलं. ते त्याच वर्षी जूनमध्ये आलं होतं. आणि सल्ला दिला, “काकू, मेमरी कमी आहे ना, मग बत्तीस बिटच टाका. चौसष्ट बिट जास्त खातं.” बिट म्हणजे इथे प्रोसेसर एका दमात किती लांबीचा आकडा हाताळतो त्याचं माप, आणि बत्तीससाठी वेगळं, चौसष्टसाठी वेगळं लिनक्स असतं. हा सल्ला साफ खोटा नाही. बत्तीस बिटांचे प्रोग्रॅम मेमरी थोडी कमी घेतात, कारण त्यांच्या आतले मेमरीतल्या जागांचे पत्ते निम्म्या लांबीचे असतात. मला तो तेव्हा पटला. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला ४ जीबी आहे, म्हणून त्यात मी चौसष्ट टाकलं आणि अभ्यासिकेतल्या सगळ्यांना बत्तीस. हिशेब सोपा: मोठ्या घरात मोठी चादर, छोट्यात छोटी.

टाकायला किती वेळ लागला ते सांगते, म्हणजे दहा मिनिटांचा निकाल लागेल. पहिलं मशीन चालूच होईना, नुसतं बीप-बीप. पावसाळ्यातल्या मुंबईच्या हवेने मेमरीच्या पट्टीच्या पितळी-सोनेरी दातांवर मळ धरतो. पट्टी काढायची, साधं खोडरबर घेऊन दात हलक्या हाताने पुसायचे, खाचेत परत बसवायची. शाळेतलं खोडरबर, दुसरं काही नको. दोन मशीनं एवढ्यावरच जिवंत झाली. पेंटियम ४ पेनड्राइव्हवरून चालूच होत नव्हते, त्यांना डीव्हीडी जाळावी लागली, आणि डीव्हीडी वाचणारा ड्राइव्ह शोधायला अर्धी सकाळ गेली.

मग घड्याळाचा घोळ. बोर्डावरची गोल बटणासारखी बॅटरी संपलेली असली की मशीन प्रत्येक वेळी उठताना तारीख विसरतं. आमचं एक मशीन स्वतःला १ जानेवारी २००९ मध्ये समजत होतं. त्यामुळे इन्स्टॉल झालं, पण अपडेट करायला गेलं की डेबियन सांगायचं, ही यादी ‘अजून लागू झालेली नाही’. म्हणजे भविष्यातली आहे! वेबसाइटही उघडेनात, कारण त्यांची सुरक्षा-प्रमाणपत्रंही मशीनच्या मते अजून जन्मलीच नव्हती. मी दोन दिवस इंटरनेटच्या केबलला शिव्या देत होते. शेवटी सीआर२०३२ नावाची बॅटरी घड्याळजीकडून आणली. जुनं मशीन हातात घेणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं, आधी तारीख बघा.

पेंटियम ४ वर मी हट्टाने एक पूर्ण दुपार घालवली. डेबियनचा इन्स्टॉलर मेमरी कमी दिसली की आपण होऊन काटकसरीच्या मोडमध्ये जातो, कुठले भाग चढवायचे ते विचारतो. चित्रांचा न घेता नुसत्या अक्षरांचा इन्स्टॉलर घेतला तर आणखी बरं. संध्याकाळी डेस्कटॉप आला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मी ब्राउझरवर क्लिक केलं आणि आम्ही सगळे वाट बघत बसलो. डेबियनच्या पुस्तिकेत डेस्कटॉपसाठी किमान १ जीबी लिहिलेली आहे आणि शिफारस २ जीबीची, ते मी वाचलेलं होतं. ५१२ मध्ये डेस्कटॉप उभा राहतो, त्याच्यावर काम होत नाही. ते दोन्ही संगणक आम्ही दिले. भंगारवाल्याला नाही, नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला. २०२३ च्या एप्रिलपासून त्याचे नवे नियम लागू आहेत, आणि किलोने गेलेला संगणक पुढे कुठे कोणाच्या हाताने जाळला जातो ते मुंबईकराला सांगायला नको.

राहिलेल्या तीन कोअर टू ड्युओंना मी एलएक्सडीई नावाचा हलका डेस्कटॉप दिला. नुसता उघडून ठेवला तर साडेतीनशे एमबीच्या आसपास घेतो. पण खरा खादाड ब्राउझर. चार टॅब उघडले की एक जीबी गेली. म्हणून कुठलं लिनक्स ‘हलकं’ यावर मुलं जी तासन्‌तास भांडतात त्याला मी फार किंमत देत नाही. पाहुणाच जर पोटभर जेवून जाणार असेल तर यजमानाने उपास धरून काय होणार? दुसरं असं की मेमरी ‘मोकळी’ किती ते बघून घाबरू नये. लिनक्स रिकामी मेमरी डिस्कवरच्या फाइलींसाठी वापरून घेतं आणि कोणी मागितली की सोडतं. ‘उपलब्ध’ असा वेगळा रकाना असतो, तो बघावा.

आणि झेडरॅम. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, सापडलं. आपल्याकडे लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट असते ना, तसं. मेमरी भरत आली की झेडरॅम कमी वापरातली माहिती दाबून-दुमडून मेमरीतच कोपऱ्यात बसवतं. टेकायला मिळतं एवढंच, पण गाडी सुटत नाही. याउलट हार्डडिस्कवरचा स्वॅप (मेमरी अपुरी पडली की डिस्कवर वापरायची जागा) म्हणजे गाडीतून उतरून फलाटावर थांबणं. जुन्या फिरत्या डिस्कवर तर दादरला उतरून पुढच्या स्लोची वाट बघणं. झेडरॅम लावल्यावर २ जीबीची मशीनं अर्ज भरणं, पीडीएफ वाचणं एवढं बिनतक्रार करायला लागली. पुढे वर्गणीतून छोट्या एसएसडी (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्क) घेतल्या, तेव्हा मुलांना खरा फरक दिसला. मेमरीही वाढवली, पण आमच्या बोर्डांचा चिपसेट जी३१. त्याला दोनच खाचा आणि कमाल ४ जीबी. त्यातही डीडीआर२ या जुन्या प्रकारची पट्टी लागते, जी आता जुन्या बाजारातच मिळते. दोन मशीनांना मिळाली, तिसरं २ वरच आहे.

मराठीचं वेगळंच. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असलेलं, मराठी लिनक्सवर सुरेख दिसतं, टायपिंगला इन्स्क्रिप्ट आहे, रेमिंग्टन आहे, गमभनही आहे. पण मंडळाची २००४ पासूनची इतिवृत्तं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात. मीच टाइप केलेली! उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. चिटणीस म्हणाले, तुमच्या लिनक्सने फाइली खाल्ल्या. खाल्ल्या नव्हत्या. त्या काळच्या फॉन्टांत ‘क’ म्हणजे खरं तर दुसरंच कुठलं तरी अक्षर असायचं, वर फक्त क चं चित्र चढवलेलं. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. ते बदलून घ्यायला मला एक पावसाळा लागला. जोडाक्षरं आणि रफार हातानेच दुरुस्त करावे लागले. हे काम विंडोजवर राहिलो असतो तरी आज ना उद्या करावंच लागलं असतं, असं माझं मत. चिटणीसांचं अजून नाही.

आता मुख्य चूक. २०२५ च्या ऑगस्टमध्ये डेबियन १३ आलं, टोपणनाव ट्रिक्सी. जुन्यावर अजून बराच काळ सुरक्षा-दुरुस्त्या येणार होत्या, घाई नव्हती. पण दिवाळीच्या सुटीत अभ्यासिका रिकामी असते, म्हणून मी तेव्हा करायचं ठरवलं. आयुष्यभर प्रूफं वाचली, त्यामुळे अपग्रेडच्या आधी सोबतच्या टिपा ओळन्‌ओळ वाचायची मला खोड आहे. लोक वाचत नाहीत, सरळ बटण दाबतात. त्यात लिहिलं होतं की १३ मध्ये बत्तीस बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर नाही, कर्नल (प्रणालीचा गाभा) नाही, आणि बत्तीस बिटांवर असलेल्यांनी हे अपग्रेड करूच नये. शक्य असेल तिथे चौसष्ट बिट नव्याने टाकावं, नाहीतर यंत्राला निवृत्त करावं. पुढे कळलं की फायरफॉक्सनेही लिनक्सवरच्या बत्तीस बिटांना १४४ या आवृत्तीनंतर रामराम ठोकला. क्रोमने तर २०१६ मध्येच.

मी मशीनसमोर बसून विचारलं, तुझा प्रोसेसर नक्की कितीचा? लिनक्समध्ये एक छोटा हुकूम आहे, तो सगळं सांगतो. उत्तर आलं: ३२-बिट, ६४-बिट. दोन्ही. कोअर टू ड्युओ पहिल्यापासून चौसष्ट बिटांचाच होता. मी दोन वर्षं त्याला लहान चादर दिली होती आणि आता ती फाटली.

बत्तीसवरून चौसष्टवर जागच्या जागी नेण्याच्या युक्त्या आहेत म्हणतात, पण त्या माझ्यासारखीसाठी नाहीत. तिन्ही मशीनांवरचं मुलांचं काम पेनड्राइव्हवर काढलं, सगळं पुसलं आणि तीन रात्रींत नव्याने टाकलं. चकल्या यंदा विकतच्या आणल्या. २ जीबीवाल्या तिसऱ्या मशीनवरही चौसष्टच टाकलं. चालतंय. मेमरीचा फरक पडतो, नाही असं नाही, पण तो एका टॅबइतका.

माझ्या लॅपटॉपचं मात्र बसल्या जागी झालं, कारण तो आधीपासून चौसष्ट. यादीच्या फाइलीत बुकवर्मच्या (हे १२ चं टोपणनाव) जागी ट्रिक्सी लिहायचं, बाहेरून घातलेली भंडारं (प्रोग्रॅम जिथून येतात त्या जागा) आधी काढायची, डिस्कवर पुरेशी जागा आहे का बघायची आणि हुकूम देऊन झोपी जायचं. झोपी जायचं नाही खरं तर. मधूनच तो विचारतो, ही सेटिंगची फाइल तुमची ठेवू की नवी घेऊ, आणि उत्तर मिळेपर्यंत तसाच थांबून राहतो. मी सकाळी उठले तर तो रात्री साडेबारापासून माझी वाट बघत होता. कोणी ११ वर असेल तर एकदम १३ वर उडी मारता येत नाही, १२ ची पायरी घ्यावीच लागते. आणि अपग्रेड झाल्यावर आमचा जुना लेझर प्रिंटर रुसला. त्याला कंपनीचा एक वेगळा प्रोग्रॅम लागतो, तो प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर परत घ्यावा लागतो.

आणखी एक खाच कमी मेमरीवाल्यांसाठी सांगते, कारण मी तीत पडले. १३ मध्ये तात्पुरत्या फाइलींचा टेंप हा फोल्डर डिस्कवर नसतो, मेमरीत असतो, आणि तो निम्म्या मेमरीपर्यंत फुगू शकतो. मोठ्या मशीनला काही वाटत नाही. आमच्या २ जीबीवाल्यावर एका मुलाने प्रश्नपत्रिकांची मोठी झिप फाइल तिथे उलगडली आणि मशीन मेल्यासारखं थिजलं. मुलगा म्हणाला, “काकू, मी काही केलं नाही.” खरंच केलं नव्हतं. ही सोय एका ओळीत बंद करता येते आणि टेंप पुन्हा डिस्कवर जातो. तेही त्या टिपांतच लिहिलेलं आहे. पण ते वाचताना माझं लक्ष बत्तीस बिटांवर अडकलेलं होतं.

तेव्हा पत्रलेखकांना आणि आपल्या वाचकांना माझं म्हणणं इतकंच: जुना संगणक किती वर्षांचा हे विचारू नका, मेमरी किती हेही नंतर. आधी विचारा, चौसष्ट बिटांचा आहे का. असेल तर २ जीबीवरही चौसष्टच टाका. टाकणं एका दुपारचं काम आहे, पण साधारण दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येणार, ती कोण घालणार हे टाकण्याआधी ठरवा. अभ्यासिकेला लिनक्स लावून देणारे उत्साही तरुण मी पुष्कळ बघितले. दोन वर्षांनी त्यांचे फोन लागत नाहीत. आमच्याकडच्या एका मुलीला मी आत्तापासून शिकवते आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले धडे फुकट आहेत, त्यावर ती लिब्रेऑफिस शिकली, आता लिनक्सचे बघते आहे.

नेटबुकचं राहिलं. त्याचा अ‍ॅटम एन२७० खरोखरच बत्तीस बिटांचा आहे, डेबियनमध्ये त्याला पुढची वाट नाही. डेबियन १२ वरच ठेवलंय, इंटरनेटची केबल काढून घेतली, आणि मुलं त्याच्यावर शासनाच्या संगणक टायपिंग परीक्षेसाठी मराठीचा सराव करतात. मिनिटाला तीस शब्दांना १ जीबी पुरून उरते. वर कागदाची पट्टी चिकटवली आहे: ‘३२ बिट. नेट लावू नये.’

ऑफिसांना एक विनंती. विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर स्वीकारत नाही, त्यामुळे सध्या चांगले, चौसष्ट बिटांचे संगणक मोठ्या संख्येने बाहेर पडत आहेत. ते मंडळांना, शाळांना जरूर द्या. तुमची माहिती जाऊ नये म्हणून हार्डडिस्क काढून घेता, ते समजू शकते. पण मेमरीच्या पट्ट्या काढून घेऊ नका हो, त्यांत वीज गेल्यावर काही उरत नाही. गेल्याच आठवड्यात आमच्याकडे असे चार संगणक आले, दिसायला कोरे करकरीत, आत खाचा रिकाम्या. सध्या अभ्यासिकेत टेबलाखाली ठेवले आहेत. आपल्या पत्रलेखकांनी कुठल्याही शनिवारी सहानंतर अवश्य यावं. चहा मी करीन, दहा मिनिटांचं काम त्यांनी करावं.

आपली,
एक निवृत्त डीटीपीवाली, लालबाग, मुंबई